घराण्याची साखर आणि आपलं ताट

"आमच्या घराण्यातच साखर आहे, तेव्हा मलाही ती होणारच!" चाळिशीकडे झुकलेल्या बायकांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. पण मैत्रिणींनो, घराण्याकडून आलेलं सगळंच काही अटळ नसतं.

आपली जनुकं म्हणजे आजीकडून आलेली पाककृतींची वही समजा. वहीतला मजकूर तोच राहतो. मात्र कुठलं पान उघडं राहील आणि कुठल्या पानावर कागद चिकटवला जाईल, हे आहार, तंबाखू, वाढतं वय यांवरही ठरतं. 'मिथाइल' नावाच्या इवल्याशा रासायनिक खुणा हे काम करतात. वय वाढतं तशा त्या विस्कटू लागतात. या शास्त्राला 'एपिजेनेटिक्स' म्हणतात.

काही खुणा तर आईच्या पोटातच उमटतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नान्नदशा झाली. त्या दिवसांत ज्यांच्या आयांना दिवस गेले, त्यांच्या एका जनुकावरच्या खुणा साठ वर्षांनीही त्यांच्याच भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपली बाळं रोडकी असूनही अंगात चरबी राखून होती! सुमारे दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांची मुलं सहाव्या वर्षीच इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते. मिथाइलच्या खुणांसाठी शरीराला ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात, म्हणून संशोधक तिथे धागा शोधत आहेत.

हे वाचून गरोदरपणातली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र बंद करू नका हं! बाळाच्या मणक्यासाठी ती हवीच. बी-१२ ची जोड हवी का, ते डॉक्टरांना विचारा.

बी-१२ पालेभाज्यांत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. आमच्या कोन-पनवेलकडे सुकट-बोंबील घरोघरी असतात, पण श्रावण आला, उपवास आले की तेही बंद. अशा दिवसांत वाटीभर दही आणि पेलाभर दूध चुकवू नका. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या पेल्यातही भावाइतकंच दूध ओता. उद्याची आई तीच आहे. घरात कुणी मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असेल, तर त्यांचं बी-१२ तपासून घ्या. त्या गोळीने ते कमी होऊ शकतं.

अमुक खाल्लं की म्हातारपण टळतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रोजचं चालणं, पुरेशी झोप, मिश्रीचा डबा कायमचा बंद, हे जुनेच उपाय आजही खरे. आणि एक करा. सर्वांचं जेवण आटोपल्यावर आपण पानावर बसतो, तेव्हा दह्याच्या भांड्यात काय उरलेलं असतं? उद्यापासून आपली वाटी आधी भरून ठेवा.