खाडीचा कोल्हा आणि आपली कुत्री

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरच्या पलीकडे वस्ती संपते आणि खाडी सुरू होते. मध्ये कांदळवनाचा हिरवा पट्टा आहे. रात्री रहदारी थंडावली की कधीकधी त्या बाजूने कोल्हेकुई ऐकू येते. गावाकडच्या पाहुण्यांना हे सांगितले तर ते हसतात. मुंबईत कोल्हे कुठले, म्हणतात. पण आहेत. ठाणे खाडीच्या काठच्या कांदळवनात सोनेरी कोल्हा राहतो. खेकडे, मासे, उंदीर-घुशी यांवर त्याचा उदरनिर्वाह चालतो. आपण त्याचे शेजारी आहोत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊकही नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही काही कार्यकर्ते खाडीच्या बाजूला फिरावयास गेलो होतो. ओहोटी लागली होती आणि उघड्या पडलेल्या चिखलावर बगळे व इतर पाणपक्षी चरत होते. एका गृहस्थांनी आपल्या कुत्र्याची साखळी सोडली. कुत्रा थेट चिखलाकडे धावला. त्याच्या मागे वस्तीतली चार-पाच भटकी कुत्री धावली आणि क्षणात सगळा थवा उडाला. गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "काही करत नाही हो तो, खेळतोय."

कुत्र्याचा खेळ झाला, पण पक्ष्याची भाकरी गेली. चिखल उघडा असतो तेवढ्या वेळातच पाणपक्ष्याला पोट भरावे लागते. दर वेळी उडावे लागले तर खाल्लेले बळ उडण्यातच खर्च होते. याच खाडीचा मोठा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली रामसर यादीत त्याची नोंद झाली. जगाने ज्या जागेची दखल घेतली, त्या जागेचे आपण शेजारी आहोत. शेजारधर्म नको का?

रोग दोन्हीकडून येतो

प्रश्न केवळ पक्षी उडण्याचा नाही. २०२४ साली मुंबईत काही कोल्ह्यांना रेबीज झाल्याचे तपासणीत आढळले. रेबीज एकदा कुत्र्यांत आणि कोल्ह्यांत शिरला की तो कांदळवनातून वस्तीत आणि वस्तीतून कांदळवनात फिरत राहतो. त्याची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

कुत्र्यांतला दुसरा भयंकर रोग म्हणजे डिस्टेंपर. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या जंगलात १९९४ साली या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. आजूबाजूच्या गावांतील कुत्र्यांकडून तो जंगलात शिरला, असे शास्त्रज्ञांनी शोधून काढले. आपल्या देशात गीरच्या जंगलात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये २३ सिंह दगावले. त्यांतील काहींच्या तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. जंगलाचा राजा जिथे टिकला नाही, तिथे खाडीच्या कोल्ह्याचे काय?

दोन टोकांची मते

या विषयावर आम्ही विहारात चर्चा घेतली तेव्हा दोन तट पडले. एक तरुण संतापून म्हणाला, "आमच्या पोराला कुत्रे चावले तर कोणी फिरकत नाही. कुत्र्याला दगड मारला तर लगेच पोलिसांत तक्रार होते. या कुत्र्यांना मारूनच टाकले पाहिजे." त्याचा संताप आम्हाला परका नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्या-मांजरांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो आपल्या बापजाद्यांना. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले ते माणसाला माणूस म्हणून उभे करण्यासाठी. माणसाच्या लेकरापेक्षा कुत्र्याचे लाड मोठे झाले की आपले मन दुखणारच.

पण बाबासाहेबांचा लढा कुत्र्याविरुद्ध नव्हता, अन्यायाविरुद्ध होता. आणि मारून प्रश्न सुटत नाही, हे मुंबईनेच पाहिले आहे. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून मुंबईत दंगल झाली होती. त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या कुत्री मारली गेली, परंतु ती संपली नाहीत. उकिरडा कायम राहिला तर मेलेल्या कुत्र्याची जागा दुसरे कुत्रे घेते.

दुसरा तट भूतदयेचा. रोज सकाळी पिशवीभर पोळ्या आणि बिस्किटे घेऊन ही मंडळी उद्यानात आणि खाडीकाठी जातात. हेतू चांगला असतो. पण जिथे खाऊ पडतो तिथे टोळी जमते. ती टोळी पुढे दिवसभर काय करते, कोणाच्या मागे लागते, हे पाहायला पोळ्या टाकणारे थांबत नाहीत.

राजवाड्यातली कुत्री

या चर्चेत आम्हाला कुक्कुर जातकाची आठवण झाली. पूर्वजन्माचा भाग बाजूला ठेवू, गोष्टीतला न्याय तेवढा घेऊ. काशीचा राजा उद्यानातून रथाने परतला. रथाचे चामडी साज रात्री पावसात भिजले आणि कुत्र्यांनी ते खाऊन टाकले. सेवकांनी भटक्या कुत्र्यांवर आळ घेतला. राजवाड्यातली कुत्री वगळून बाकी सर्व कुत्री मारण्याचा हुकूम सुटला. तेव्हा स्मशानात राहणारा कुत्र्यांचा नायक निर्भयपणे दरबारात गेला. त्याने राजाला विचारले, हा कोणता न्याय? त्याच्या सांगण्यावरून राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि कुशगवत पाजले, तेव्हा चामडे त्यांच्याच पोटातून बाहेर पडले.

आज दोष नेहमी वस्तीतल्या कुत्र्याला आणि वस्तीतल्या माणसाला लागतो. पण खाडीवर साखळी सोडणारे गृहस्थ वस्तीतले नव्हते. शिवाय वस्तीत कुत्री का वाढतात? सोसायटीच्या दारात कचऱ्याची गाडी वेळेवर येते आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी ढीग साचतो, म्हणून. कचऱ्याचा प्रश्न हा समतेचाही प्रश्न आहे. म्हणून नियमित कचरा उचलण्याची मागणी आपण लेखी करीत राहिली पाहिजे. त्याच वेळी आपला घरचा उष्टा-खरकटा भाग डब्यातच टाकला पाहिजे.

कान्हेरीला जाताना

बुद्ध पौर्णिमेला आपण मुलाबाळांसह कान्हेरीच्या लेण्यांना जातो. शंभरहून अधिक लेण्यांचा हा धम्मवारसा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, म्हणजे बिबट्याच्या घरात आहे. तिथे पाळीव कुत्रे नेऊ नये आणि डब्यातले उरलेसुरले अन्न टाकू नये. अन्नामागे कुत्री जातात, कुत्री हरणांच्या पाडसांमागे लागतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. या परिसरातील बिबट्ये वर्षाला सुमारे १५०० कुत्री खात असावेत, असा अंदाज २०१८ साली शास्त्रज्ञांनी मांडला. त्यामुळे कुत्र्यांचे चावे कमी होतात, असेही त्यांनी म्हटले. परंतु जंगलाच्या कडेच्या पाड्यांत आणि झोपड्यांत राहणाऱ्या आईला विचारा. कुत्र्याच्या मागे आलेला बिबट्या अंधारात तिच्या दारापर्यंत पोहोचतो.

आपण काय करावे?

१) कुत्रा पाळला असेल तर महानगरपालिकेचा परवाना घ्यावा, दरवर्षी रेबीजची लस टोचावी. घराबाहेर साखळी सोडू नये. आपल्या निष्काळजीपणामुळे प्राण्यापासून कोणाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

२) २०२३ च्या नियमांत भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण सांगितले आहे. आपल्या गल्लीतली कुत्री मोजून मंडळाच्या लेटरहेडवर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यावा व पोचपावती घ्यावी.

३) कुत्र्यांना खाऊ घालायचेच असेल तर ठरवून दिलेल्या जागीच घालावे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही असेच आदेश दिले. उद्यान, खेळाचे मैदान आणि खाडीकाठ ही ती जागा नव्हे.

४) कोल्हा दिसल्यास दगड मारू नये, गर्दी करू नये. तो आजारी वाटल्यास वनखात्याला कळवावे.

५) कुत्रा किंवा कोल्हा चावल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. अंगारे-धुपारे न करता लगेच पालिकेचे रुग्णालय गाठावे आणि लसीचे सर्व डोस पूर्ण करावेत.

सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात अनेक पशुपक्ष्यांना अभय दिले. एका जिवाचा घास करून दुसरा जीव पोसू नये, असेही त्याने कोरून ठेवले. कोल्ह्याच्या आणि पाणपक्ष्याच्या जिवावर आपल्या कुत्र्याचा खेळ होत असेल, तर तो पहिल्या शीलाचा भंगच आहे. कुत्र्याला शील कळत नाही. ते कळते त्याची साखळी धरणाऱ्याला.

विहारातल्या त्या चर्चेनंतर तो संतापलेला तरुणच आता गल्लीतल्या कुत्र्यांची यादी करतो आहे. पहिला अर्ज वॉर्ड ऑफिसात गेला आहे. वाचक बंधू-भगिनींनीही आपापल्या वस्तीत हे काम हाती घ्यावे, एवढेच सांगणे.

जयभीम.