पदव्युत्तर प्रवेशाची जीआरई परीक्षा आणि इंग्रजी वाचनाची तयारी

अमेरिकेतील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास पुष्कळदा जीआरई ही परीक्षा द्यावी लागते. 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' ही अमेरिकी संस्था ती घेते. २०२० नंतर अनेक विभागांनी तिची सक्ती काढून टाकली असली, तरी ती मागणारे विभाग आजही आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे काहींच्या खर्चाचा प्रश्न सुटतो. भाषेचा प्रश्न मात्र विद्यार्थ्याला स्वतःच सोडवावा लागतो, आणि मराठी माध्यमातून आलेला हुशार विद्यार्थी बहुधा तेथेच अडखळतो.

सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा सुमारे दोन तासांची झाली आहे. भाषेच्या भागात २७ प्रश्न असून त्यांसाठी ४१ मिनिटे मिळतात. गुण १३० ते १७० या श्रेणीत दिले जातात. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. विरुद्धार्थी शब्द ओळखण्याचे प्रश्न २०११ मध्येच वगळण्यात आले. असे असूनही हजारो शब्दांच्या याद्या घोकण्याची प्रथा चालूच आहे! आता शब्द विचारला जातो तो वाक्याच्या संदर्भात. गाळलेल्या जागा एकाहून अधिक असतील, तर सर्व अचूक भरल्यावरच गुण मिळतो. एका प्रकारात सहा पर्यायांतून दोन शब्द निवडावयाचे असतात, आणि त्या दोहोंनी वाक्याचा अर्थ सारखाच राहावा लागतो.

म्हणून वाक्याचा रोख ओळखणे हे पहिले कौशल्य होय. 'सरपंच एरवी मितभाषी असले, तरी त्या सभेत मात्र ते...' एवढे ऐकताच पुढे काय येणार, हे कोणीही सांगेल. 'तरी' आणि 'मात्र' हे शब्दच ते सांगतात. इंग्रजीत हेच काम 'ऑलदो', 'हाउएव्हर', 'डिस्पाइट' हे शब्द करतात. मराठीत सहज होणारी ही क्रिया इंग्रजीत जाणीवपूर्वक करण्याची सवय लावावी लागते.

खरी फसगत अवघड शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांनी होते. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, हे कार्यालयात वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. पण त्याच शब्दाचा अर्थ दंडात्मक निर्बंध असाही होतो. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि नजरचूकही. 'क्वालिफाइड' पाठिंबा हा पात्र व्यक्तीचा नसून अटी घालून दिलेला असतो. 'टेबल' या क्रियापदाचा प्रकार तर विलक्षण आहे: ब्रिटिश सभागृहात प्रस्ताव 'टेबल' झाला की तो विचारार्थ येतो, अमेरिकेत तो लांबणीवर पडतो. असे शब्द यादीतील एकेका अर्थानिशी पाठ करणाऱ्याला परीक्षेत दगा देतात.

अपरिचित शब्दांच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याजवळ एक भांडवल आहे, ते क्वचितच वापरले जाते. 'सुगम' आणि 'दुर्गम' यांतील उपसर्ग त्याला शाळेत शिकवलेले असतात. 'बेने' म्हणजे चांगले, 'मॅल' म्हणजे वाईट आणि लॅटिनमधील 'व्होल' म्हणजे इच्छा, हे सांगितले की 'बेनेव्हलन्ट' व 'मॅलेव्हलन्ट' हे दोन्ही शब्द एकदम उलगडतात. व्याकरणाच्या तासाला इंग्रजी व मराठी शिक्षकांनी हे एकत्र शिकविल्यास वेगळा खर्च नाही.

उताऱ्यांवरील प्रश्नांत अडचण निराळी असते. मार्गदर्शिकेतील उत्तरे पाठ करण्याची सवय झालेला विद्यार्थी स्वतःच्या माहितीवरून पर्याय निवडतो. तो पर्याय जगाच्या दृष्टीने खराही असतो, पण उताऱ्यात तसे म्हटलेले नसते. येथे ग्राह्य ते एवढेच, जे उताऱ्यात आहे किंवा त्यावरून निश्चितपणे निघते. लेखकाचे मत कोणते आणि त्याने खोडून काढण्यासाठी मांडलेले दुसऱ्याचे मत कोणते, हा भेद ओळखण्यास वृत्तपत्रातील अग्रलेख उत्तम. गावच्या ग्रंथालयात इंग्रजी दैनिक येत असेल, तर रोज एक अग्रलेख वाचून त्याचा आशय मराठीत दोन वाक्यांत लिहावा आणि शिक्षकाने तो तपासावा. पदवीच्या पहिल्या वर्षापासून हे केले तर ते फळते. परीक्षेपूर्वीच्या दोन महिन्यांत फारसे साधत नाही.

परीक्षा घेणारी संस्था 'पॉवरप्रेप' नावाने दोन पूर्ण सराव परीक्षा विनामूल्य उपलब्ध करून देते. महागड्या शिकवणीचा विचार करण्यापूर्वी त्यांतील एक घड्याळ लावून सोडवावी, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर शब्द अडला, वाक्याचा रोख चुकला की उतारा नीट वाचला नाही, याची नोंद करावी. दुसरी परीक्षा काही महिन्यांच्या वाचनानंतरसाठी राखून ठेवावी.