औषधचाचणीचे करार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवं औषध शोधणाऱ्या छोट्या बायोटेक कंपनीकडे बहुतेक वेळा स्वतःचं रुग्णालय नसतं, कारखाना नसतो, कधीकधी प्रयोगशाळासुद्धा नसते. एक रेणू, त्याचं पेटंट, गुंतवणूकदारांचे पैसे आणि करारांच्या फायली एवढ्यावर ती उभी असते. रुग्णांना औषध देऊन पाहण्याचं काम रुग्णालयातले डॉक्टर करतात. त्यावर देखरेख सीआरओ ठेवते, म्हणजे कंत्राटावर चाचण्या चालवून देणारी संस्था. औषधाच्या कुप्या दुसऱ्याच कारखान्यातून येतात आणि मात्रा किती, रुग्ण कोणते, हे ठरवायला सल्लागार नेमलेले असतात. या सगळ्यांना कंपनीशी बांधून ठेवतो तो करार.

हा करार तीन प्रकारच्या लोकांच्या आयुष्यात येतो. बायोटेकचे शेअर घेणाऱ्याला तो वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये भेटतो. पुण्या-मुंबईच्या सीआरओत काम करणाऱ्या मुलामुलींचा तो रोजचा व्यवहार असतो. चाचणीत जाणाऱ्या रुग्णाला तो दिसत नाही, पण त्याच्या जिवाचं बरंच काही त्यातल्या कलमांवर ठरतं. म्हणून त्याबद्दलचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज १ : करारात लिहिलेली रक्कम म्हणजे कंपनीच्या डोक्यावरचं कर्ज.

वस्तुस्थिती : अहवालात ‘क्लिनिकल चाचण्या आणि सल्लासेवांसाठीच्या बांधिलक्या’ अशी ओळ आणि पुढे मोठा आकडा दिसला की वाचणारा दचकतो. पण न झालेल्या कामाचे पैसे हे देणं नसतं. समजा, सीआरओशी ४० कोटींचा करार झाला. वर्षअखेरपर्यंत ६ कोटींचं काम झालं आणि बिलं मात्र ४ कोटींचीच आली. हिशेबात खर्च ६ कोटींचाच धरायचा आणि बिल न आलेले २ कोटी देणी म्हणून दाखवायचे. उरलेले ३४ कोटी ताळेबंदात येतच नाहीत. चाचण्यांची बिलं उशिरा येतात, त्यामुळे किती रुग्ण भरती झाले, किती भेटी पार पडल्या, यावरून हा अंदाज बांधावा लागतो. बायोटेकच्या ताळेबंदातली ही सर्वांत नाजूक जागा. लेखापरीक्षक तिथेच खोदून विचारतात.

अमेरिकेत १९७४ पासून नियम आहे की संशोधनाचा खर्च साधारणपणे त्या-त्या वर्षीच खर्ची टाकायचा, मालमत्ता म्हणून पुढे ओढायचा नाही. अशा कंपन्या वर्षानुवर्षं तोट्यात दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण.

बरेचसे करार महिना-दोन महिन्यांची नोटीस देऊन रद्द करता येतात. तेव्हा झालेल्या कामाचे आणि आवराआवरीचे पैसे द्यावे लागतात, पूर्ण रकमेचे नाही. म्हणून ‘रद्द न करता येणारी’ बांधिलकी किती, हे वेगळं पाहावं. माइलस्टोनची रक्कम, म्हणजे अमुक टप्पा गाठला तर द्यायचे पैसे, हीसुद्धा तो टप्पा गाठला जाण्याची दाट शक्यता दिसेपर्यंत सहसा देण्यांत धरत नाहीत.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. करारातला आकडा ही खर्चाची कमाल मर्यादाही नसते. रुग्णभरती रखडली, नवी रुग्णालयं जोडावी लागली, प्रोटोकॉल म्हणजे चाचणीचा आराखडा बदलला, की ‘चेंज ऑर्डर’ निघते आणि रक्कम फुगते. हाताशी असलेले पैसे किती महिने पुरतील, हे त्यावर अवलंबून असतं.

गैरसमज २ : काम सीआरओला दिलं की जबाबदारीही तिची झाली.

वस्तुस्थिती : काम देता येतं, अंतिम जबाबदारी झटकता येत नाही. चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत, म्हणजे जीसीपीमध्ये, हे स्पष्ट आहे : प्रायोजक कंपनी आपली कामं सीआरओकडे सोपवू शकते, पण माहितीचा दर्जा आणि खरेपणा यांची शेवटची जबाबदारी तिचीच. अमेरिकी नियम आणखी काटेकोर आहे. कोणती कर्तव्यं सोपवली ते लेखी हवं, आणि लेखी नोंदीत जे नाही ते सोपवलंच नाही असं धरलं जातं. करारासोबत कामांच्या वाटपाचा तक्ता असतो तो यासाठीच. दुष्परिणामांचा अहवाल कोण पाठवणार, औषधाचा साठा कोण मोजणार, अशी एकेक ओळ त्यात असते. एक रकाना रिकामा राहिला तर ते काम कंपनीच्या गळ्यात.

याचा अर्थ सीआरओ मोकळी असते असाही नाही. जे कर्तव्य तिने पत्करलं, त्यात कसूर झाली तर नियामक तिच्यावरही कारवाई करतो. भारतात १ एप्रिल २०२५ पासून सीआरओंना केंद्रीय औषध नियामकाकडे नोंदणी सक्तीची झाली आहे.

गैरसमज ३ : डॉक्टरला रुग्णामागे पैसे मिळतात, म्हणजे ते कमिशनच.

वस्तुस्थिती : पैसे मिळतात, पण ते कशाचे हे बजेट उघडून पाहावं. चाचणीच्या कराराला एक तक्ता जोडलेला असतो. आडव्या ओळीत रुग्णाच्या भेटी : तपासणी, पहिली मात्रा, चौथा आठवडा, बारावा आठवडा. उभ्या रकान्यात कामं : डॉक्टरांचा वेळ, ईसीजी, रक्ताचे नमुने, कोऑर्डिनेटरचं काम, रुग्णाचा प्रवासखर्च. खाली रुग्णालयाचा वाटा आणि कागदपत्रं वर्षानुवर्षं सांभाळण्याचा खर्च. भेट झाली, नोंदी पूर्ण झाल्या, की त्या चौकटीतले पैसे मिळतात. औषध लागू पडलं की नाही, याच्याशी या पैशांचा संबंध नसतो आणि नसलाच पाहिजे.

या तक्त्यात खरा धोका कुठे लपतो, तेही सांगायला हवं. तपासणीत जे रुग्ण निकषांत बसत नाहीत, त्यांच्या तपासणीचे पैसे करारात धरलेत का? ते नसतील, तर दिवसभर खपून डॉक्टरच्या हाती काहीच लागत नाही, आणि काठावरच्या रुग्णाला कसंबसं आत घेण्याचा मोह तयार होतो. लवकर भरतीसाठी बक्षीस ठेवलं असेल तर तो मोह दुप्पट. म्हणून चाचणीची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीने संमतिपत्राइतक्याच बारकाईने बजेटही वाचलं पाहिजे.

गैरसमज ४ : सल्लागाराचं मानधन हा कंपनी आणि त्या तज्ज्ञाचा खासगी मामला.

वस्तुस्थिती : तो तज्ज्ञ त्याच कंपनीच्या चाचणीत संशोधक असेल तर मुळीच नाही. अमेरिकी औषध प्रशासनाकडे मंजुरीसाठी अर्ज करताना कंपनीला संशोधकांचे आर्थिक संबंध उघड करावे लागतात. चाचणीच्या खर्चाव्यतिरिक्त सल्ला, व्याख्यानं वगैरेंसाठी २५,००० डॉलरहून जास्त दिले असतील, किंवा संशोधकाकडे त्या कंपनीचे ५०,००० डॉलरहून जास्त किमतीचे शेअर असतील, तर ते सांगावं लागतं. हा हिशेब त्याचा अभ्यास चालू असताना आणि तो संपल्यावर पुढे एक वर्षापर्यंत चालतो. मोबदला निकालावर अवलंबून असेल, तर रक्कम कितीही असो, ते सांगणं भाग आहे.

सल्लागाराच्या करारातलं गोपनीयतेचं कलम किती जड असतं, ते २००८ साली दिसलं. मिशिगन विद्यापीठातले नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ सिडनी गिलमन हे एलान कंपनीचे सल्लागार होते आणि अल्झायमरवरच्या बापिन्युझुमॅब या औषधाच्या चाचणीच्या सुरक्षा समितीचे अध्यक्षही. निकाल जाहीर होण्याआधीच त्यांनी ते शेअरबाजारातल्या मॅथ्यू मार्टोमा या फंड व्यवस्थापकाला सांगितले. त्या माहितीवर झालेला नफा आणि टळलेला तोटा मिळून अमेरिकी रोखे आयोगाने २७६ दशलक्ष डॉलरचा आकडा मांडला. मार्टोमाला २०१४ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. आजारी माणसांनी शरीर पुढे करून जी माहिती दिली, ती निकाल जाहीर होण्याआधी बाजारात विकली गेली. मला यातली सर्वांत मोठी फसवणूक त्या रुग्णांची वाटते.

गैरसमज ५ : गोपनीयतेचा करार केला की डॉक्टरने धोकाही बोलायचा नाही आणि वाईट निकालही छापायचा नाही.

वस्तुस्थिती : गोपनीयता कंपनीच्या व्यापारी गुपितांसाठी असते. रुग्णाला धोका सांगण्याचं डॉक्टरचं कर्तव्य तिच्याखाली दडपता येत नाही. टोरांटोच्या बालरुग्णालयात डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी थॅलेसेमियाच्या रुग्णांवर डेफेरिप्रोन या औषधाचा अभ्यास करत होत्या. पैसे अ‍ॅपोटेक्स कंपनीचे होते आणि करारात गोपनीयतेचं कलम होतं. काही रुग्णांत औषधाचा प्रभाव ओसरतोय असं दिसल्यावर रुग्णांना ते सांगायचं त्यांनी ठरवलं. मे १९९६ मध्ये कंपनीने चाचण्या थांबवल्या आणि माहिती उघड केल्यास कायदेशीर कारवाई करू असं बजावलं. त्यांनी तरीही रुग्णांना सांगितलं आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या औषधाच्या गुणदोषांवर तज्ज्ञांत पुढेही मतभेद राहिले, पण असं कलम रुग्णालयाने मुळात मान्यच कसं केलं, हा प्रश्न त्या प्रकरणाने जगभरच्या विद्यापीठांपुढे ठेवला.

२००० साली कॅलिफोर्नियातही तेच घडलं. इम्यून रिस्पॉन्स या बायोटेक कंपनीच्या रेम्यून या एचआयव्हीवरच्या लशीचा २,५२७ रुग्णांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही. संशोधकांनी ते छापायचं ठरवल्यावर कंपनीने लवादाकडे धाव घेऊन लाखो डॉलरची मागणी केली. शोधनिबंध मात्र प्रसिद्ध झालाच. चांगल्या करारात म्हणूनच कंपनीला मसुदा वाचायला आणि पेटंटचा अर्ज करायला ठरावीक मुदत देतात, छपाई रोखण्याचा हक्क देत नाहीत.

गैरसमज ६ : संमतिपत्रावर सही केली की भरपाईचा हक्क गेला, कंपनीची चूक सिद्ध झाली तरच पैसे.

वस्तुस्थिती : भारतात २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम याच्या अगदी उलट सांगतात. चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत, आणि ते गरज असेपर्यंत किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही असं ठरेपर्यंत. इजा किंवा मृत्यू चाचणीमुळे असेल तर भरपाई. हलगर्जी सिद्ध करण्याची अट नाही, औषधाचा दुष्परिणाम पुरेसा आहे. चांगला उपचार उपलब्ध असूनही तो न देता नुसतं प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही, दिलं आणि त्यातून इजा झाली, तरी कंपनी देणं लागते.

मृत्यूच्या भरपाईचं सूत्रही ठरलेलं आहे. आधार रक्कम ८ लाख. तिला वयाच्या आणि जोखमीच्या गुणकाने गुणायचं आणि ९९.३७ ने भागायचं. वयाचा गुणक १६ वर्षांपर्यंत २२८.५४, तर ६५ नंतर ९९.३७. जोखमीचा गुणक अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णासाठी ०.५ आणि निरोगी स्वयंसेवकासाठी ४. त्यामुळे रक्कम ४ लाखांपासून सुमारे ७३.६ लाखांपर्यंत जाते. ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा जास्त असलेल्या रुग्णासाठी मात्र सरसकट २ लाख आहेत.

हक्क कागदावर असून भागत नाही, देणाऱ्याच्या तिजोरीतही तेवढं असावं लागतं. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात पॅरेक्सेल या सीआरओच्या केंद्रात आठ निरोगी तरुणांची चाचणी सुरू झाली. औषध होतं जर्मनीतल्या वुर्त्सबर्गच्या टेजेनेरो या छोट्या कंपनीचं, टीजीएन १४१२. दोघांना प्लासिबो आणि सहा जणांना काही मिनिटांच्या अंतराने औषध मिळालं. थोड्याच वेळात सहाही जण अत्यवस्थ झाले आणि त्यांचे अवयव निकामी होऊ लागले. जीव वाचले, पण नुकसान कायमचं झालं. टेजेनेरोचा विमा होता २० लाख पौंडांचा, आणि जुलै २००६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून छोट्या कंपनीच्या करारात विम्याची रक्कम आणि मुदत तपासणं, हे एथिक्स कमिटीचं सर्वांत महत्त्वाचं काम मानलं पाहिजे.

गैरसमज ७ : चाचणी संपली की कंपनी आणि रुग्ण एकमेकांना सुटले.

वस्तुस्थिती : औषधाचा गुण येत असेल, दुसरा उपचार नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्य केली, तर २०१९ च्या नियमांनुसार चाचणीनंतरही कंपनीला ते औषध मोफत पुरवावं लागतं. त्यासाठी रुग्णाची लेखी संमती लागते, आणि या पुढच्या वापराची जबाबदारी कंपनीवर येत नाही. या पुरवठ्याचा आणि चाचणी मधेच बंद पडल्यास रुग्णांच्या देखभालीचा खर्च करारात आधीच धरलेला असावा.

आता कामाचं. शेअर घेणाऱ्याने बांधिलकीच्या आकड्याबरोबर रद्द करण्याच्या अटी आणि शिल्लक रोकड वाचावी. सीआरओत काम करणाऱ्याने जबाबदाऱ्यांचा तक्ता तोंडपाठ ठेवावा. आणि चाचणीत जाणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी सही करण्याआधी विचारावं : इजा झाल्यास उपचार कोण करणार, भरपाई कोण देणार, विमा किती आहे, एथिक्स कमिटीचा फोन नंबर काय? हे प्रश्न विचारल्याने कोणी रागावता कामा नये. भारतातली चाचणी सीटीआरआयच्या, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या, संकेतस्थळावर कुणालाही मोफत पाहता येते, ही नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. संमतिपत्राची एक प्रत मिळणं हाही तुमचा हक्क आहे. ती मागून घ्या आणि सांभाळून ठेवा, कारण या सगळ्या व्यवहारात रुग्णाच्या हाती येणारा महत्त्वाचा कागद तोच असतो.