मुलाची पट्टी कोणती?

मुलाला गाण्याच्या शिकवणीला घालताना पालक हमखास विचारतात, "मास्तर, याला गळा आहे का हो?" खरं म्हणजे आधी विचारावं, याची पट्टी कोणती?

पेटीच्या पट्ट्या पियानोसारख्याच; एका सप्तकात ७ पांढऱ्या, ५ काळ्या. ज्या पट्टीवर गाणारा आपला 'सा' धरतो, ती त्याची पट्टी. पुरुष बहुधा काळी १-२ च्या आसपास गातात, स्त्रिया काळी ४-५ च्या. मास्तरांच्याच पट्टीत मुलाला गायला लावलं, तर आवाज खाली पोचत नाही किंवा वर चिरकतो. आणि पोरावर 'गळा नाही' हा शिक्का बसतो तो जन्मभर.

छत्रपती संभाजीनगरात पं. नाथराव नेरळकर (निधन २०२१) यांनी अनेक शिष्य घडविले. गुरूपुढे बसून शिकण्याचा लाभ हाच, की एकेक गळा पारखला जातो.

खेड्यातल्या शिक्षकांनाही हे जमेल. खालच्या पंचमापासून वरच्या गंधारापर्यंत आवाज न ताणता फिरेल, असा 'सा' शोधावा. तेरा-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो. तेव्हा पट्टी उतरवावी, गाणं बंद करू नये.

'गळा नाही' म्हणण्यापूर्वी एकदा पट्टी बदलून पाहा.