आधी डाळ, मग मांस

सूप हा शब्द विलायती वाटतो. पण संस्कृतातही सूप म्हणजे शिजविलेली डाळच होय. मनीषनगरातील एखाद्या घरी गोव्याहून चोरीस, म्हणजे डुकराच्या धुरावलेल्या मांसाची माळ, आली असता हिवाळ्यात वाटाण्याच्या डाळीचे दाट सूप अवश्य करावे. मात्र पुष्कळदा ते फसते. तासन्‌तास गॅस जाळूनही डाळ बोटचेपी होत नाही, आणि दुरून आणलेला महागाचा जिन्नस वाया जातो. दोष डाळीचा नसून क्रमाचा असतो.

डाळीच्या पेशी पेक्टिन नामक द्रव्याने एकमेकींस चिकटलेल्या असतात. उष्णतेने ते विरघळले म्हणजे डाळ मोडते व तिच्यातील पिष्ट पाणी शोषून सूप दाट करते. आंबटपणा हे विरघळणे रोखतो. आणि चोरिसात तर मीठमिरचीबरोबर व्हिनेगर मुरलेले असते. कूपनलिकेच्या जड पाण्यातील चुनाही असाच आड येतो.

म्हणून २५० ग्रॅम डाळ २ तास भिजवून, नळाच्या सव्वा लिटर गोड्या पाण्यात कांदा व गाजर घालून मंद आचेवर तासभर शिजवावी. ती घोटून एकजीव झाल्यावरच १०० ग्रॅम चोरिसाचे तुकडे परतून त्यात सोडावेत व आणखी अर्धा तास उकळावे. हे मांस कच्चे राहता कामा नये. मीठ शेवटी, तेही चाखूनच घालावे. एवढ्याशा मांसात चार माणसे तृप्त होतात, हीच या सुपाची खरी बरकत.