सीबी पलटणी : माजी सैनिकांचा वृत्तव्यवहार व स्मरणपरंपरा

सीबी पलटणी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नौदलातील बांधकाम पलटणी. ‘कन्स्ट्रक्शन बटॅल्यन’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांच्या उच्चारावरून ‘सीबी’ हे नाव पडले व ५ मार्च १९४२ रोजी त्याला अधिकृत मान्यता मिळाली. याच उच्चाराचा इंग्रजीत ‘समुद्री मधमाशी’ असाही अर्थ होतो. म्हणून बंदूक, पाना व हातोडा धारण केलेली मधमाशी हे या दलाचे बोधचिन्ह ठरले. ‘आम्ही बांधतो, आम्ही लढतो’ हे त्याचे ब्रीद होय. या पलटणींच्या माजी सैनिकांनी युद्धानंतर परस्परांत वृत्तपत्रके, संमेलने, नामावल्या व स्मारके यांची एक स्वतंत्र परंपरा निर्माण केली. बहुतेक पलटणी युद्ध संपताच विसर्जित झाल्या. त्यामुळे सोबत्यांचा ठावठिकाणा कळविणे आणि मृतांचे स्मरण राखणे, ही इतरत्र सैन्याच्या कायम आस्थापनेकडे असणारी कामे येथे माजी सैनिकांनाच करावी लागली.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकी नौदलाचे परदेशी तळ खाजगी कंत्राटदारांचे मुलकी कामगार बांधीत. डिसेंबर १९४१ मध्ये पॅसिफिक महासागरातील वेक बेटावर असे अकराशेहून अधिक कामगार होते. जपानने बेटावर हल्ला केला, तेव्हा त्यांतील अनेकांनी सैनिकांना साहाय्य केले. परंतु युद्धाच्या नियमांनुसार मुलकी व्यक्तींना शस्त्र धरता येत नव्हते व तसे केल्यास युद्धकैद्याचे संरक्षणही त्यांना हक्काने मागता येत नव्हते. २३ डिसेंबर १९४१ रोजी बेट पडले. कामासाठी तेथेच ठेवून घेतलेल्या ९८ कामगारांना जपानी बेटप्रमुखाच्या आज्ञेवरून ऑक्टोबर १९४३ मध्ये ठार करण्यात आले. त्यांतील एकजण प्रथम निसटला व त्याने एका प्रवाळखडकावर बंद्यांची संख्या आणि दिनांक कोरून ठेवला. पुढे तोही पकडला जाऊन मारला गेला. त्याचे नाव निश्चित झालेले नाही; खडक मात्र अद्याप स्मारक म्हणून जपलेला आहे. वेकच्या बचावात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या कामगारांना माजी सैनिकांचा दर्जा १९८१ मध्ये, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांनी देण्यात आला.

मुलकी कामगारांच्या या अडचणीवर उपाय म्हणून नौदलाच्या बांधकाम विभागाचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल बेन मोरेल यांनी डिसेंबर १९४१ च्या अखेरीस लष्करी बांधकाम दलाची मागणी केली. ५ जानेवारी १९४२ रोजी तीस संमती मिळाली. सुतार, गवंडी, लोहार, वीजतंत्री, पाणबुडे, यंत्रचालक, सुरुंग लावणारे अशा अनुभवी कारागिरांची भरती झाली. आरंभीच्या भरतीतील सैनिकांचे सरासरी वय ३७ होते. काही साठीच्याही पुढचे होते. एका पलटणीत सुमारे ३२ अधिकारी व १,०७३ सैनिक असत. युद्धकाळात या दलात सव्वातीन लाखांहून अधिक लोकांनी सेवा केली. सहा खंडांत व तीनशेहून अधिक बेटांवर त्यांनी धावपट्ट्या, धक्के, इस्पितळे, इंधनटाक्या व निवासस्थाने बांधली. शत्रूच्या माऱ्यात दोनशेहून अधिक, तर बांधकामावरील अपघातांत पाचशेहून अधिक सीबी मरण पावले. लढाईपेक्षा कामावर अधिक माणसे गमावणे हे या दलाचे वैशिष्ट्य असून त्याचा परिणाम त्याच्या स्मरणपरंपरेवरही झालेला दिसतो : येथील मृतांच्या याद्यांत दरड कोसळून वा यंत्राखाली सापडून मेलेला आणि गोळी लागून मेलेला, असा भेद सहसा केला जात नाही.

पलटणींचे विसर्जन : पायदळाच्या जुन्या पलटणीला कायमचे ठाणे, निशाण व नव्या भरतीचा ओघ असतो. भारतात खडकी येथील बाँबे सॅपर्ससारख्या अभियांत्रिकी दलाचे केंद्र पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, त्यामुळे निवृत्त सैनिकाला परतण्यास जागा असते. महायुद्धकालीन सीबी पलटणींना असे स्थान नव्हते. युद्ध संपल्यावर त्या एकामागून एक मोडण्यात आल्या व सैनिक आपापल्या गावी पूर्वीच्या धंद्याला लागले. १९५० च्या सुमारास दलाची संख्या अवघी ३,३०० च्या आसपास उरली होती. व्हिएटनाम युद्धात पलटणी पुन्हा उभारण्यात आल्या. त्यांतीलही बऱ्याच १९६९ नंतर विसर्जित झाल्या. त्यांनी केलेली बांधकामेही दूरच्या बेटांवर राहिली. टिनियन बेटावर सीबींनी प्रवाळाची भर घालून सुमारे अडीच किमी. लांबीच्या चार धावपट्ट्या तयार केल्या. हीरोशीमावर अणुबाँब टाकणारे विमान ६ ऑगस्ट १९४५ रोजी तेथूनच उडाले. युद्धानंतर त्या धावपट्ट्या जंगलाखाली गेल्या. अशा स्थितीत पलटणीचे अस्तित्व तिच्या नामावलीपुरते उरले.

स्मृतिग्रंथ व वृत्तपत्रके : ही नामावली पुढे टिकली ती मुख्यतः ‘क्रूझ बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्मृतिग्रंथांमुळे. युद्धाच्या अखेरीस अनेक पलटणींनी स्वतःचे असे ग्रंथ छापून घेतले. त्यांत प्रवासाचे नकाशे, कामाची छायाचित्रे, व्यंगचित्रे, मृतांना वाहिलेले पान आणि सैनिकांची यादी असे. काही ग्रंथांत घरचे पत्तेही दिलेले असत. युद्धकाळात पलटणीच्या छावणीत चक्रमुद्रित वार्तापत्रे निघत. क्रीडास्पर्धा, बढत्या, घरून आलेल्या वार्ता व थट्टामस्करी हा त्यांचा विषय. युद्धानंतर त्याच धर्तीची पत्रके माजी सैनिकांनी काढली. पलटणीतील एखादा कारकून किंवा मुकादम जुन्या यादीवरून पत्रे पाठवी, परत आलेल्या पाकिटांवरून पत्ता बदललेल्यांचा शोध घेई आणि मिळालेली माहिती पत्रकात देई.

या पत्रकांचे स्वरूप बहुधा ठरावीक असते. संमेलनाचे स्थळ व दिवस, आजारी सोबत्यांची विचारपूस, ‘कोणाला ठाऊक आहे काय?’ अशी चौकशीची पृच्छा, जुनी छायाचित्रे व त्यांतील माणसे ओळखण्याचे आवाहन, निवृत्तिवेतन व औषधोपचार यांविषयीच्या सूचना आणि शेवटी मृतांची यादी असा त्यांचा क्रम असतो. आरंभीच्या वर्षांत विवाह, अपत्यजन्म व नव्या धंद्याच्या वार्तांनी भरलेली पत्रके कालांतराने मृत्युवार्तांनी भरू लागली. विधवा व मुले वर्गणीदार म्हणून राहिली आणि अनेक ठिकाणी संपादनही त्यांच्याकडे आले. मृत्युवार्तेत पलटणीचा क्रमांक, कंपनी, कामाचा प्रकार व सेवेची बेटे नोंदविण्याची पद्धत आहे. ज्या मुलांना बापाने युद्धाविषयी घरी काही सांगितले नव्हते, त्यांना तो कोठे होता हे प्रथम अशा चार ओळींवरूनच कळते.

संघटना व संमेलने : महायुद्धानंतर निरनिराळ्या पलटणींच्या मित्रसंघांबरोबर ‘नेव्ही सीबी व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ ही राष्ट्रीय संघटना उदयास आली. तिच्या स्थानिक शाखांना ‘आयलंड’ म्हणजे बेट म्हणतात. युद्धकाळात पलटणीचे गंतव्यस्थान गुप्त ठेवण्यासाठी त्याचा उल्लेख ‘बेट क्ष’ या अर्थाच्या सांकेतिक नावाने होई, त्यावरून ही संज्ञा आली. वार्षिक संमेलनात सभा व भोजन यांखेरीज स्मरणविधी हा मुख्य भाग असतो. गेल्या वर्षात निवर्तलेल्यांची नावे वाचतात व प्रत्येक नावानंतर घंटेचा टोल देतात. अनुपस्थितांसाठी एक मेज रिकामे ठेवण्याचीही चाल आहे. ५ मार्च हा दलाचा वर्धापनदिन सेवेतील व निवृत्त सीबी एकत्र साजरा करतात.

स्मारके : दलाचे राष्ट्रीय स्मारक आर्लिंग्टन येथील दफनभूमीकडे जाणाऱ्या मार्गावर असून ते १९७४ मध्ये उभारण्यात आले. फेलिक्स द वेल्डन हे त्याचे शिल्पकार होत. एक बांधकाम सैनिक लहान मुलासह उभा आहे, असे शिल्प त्यात आहे. पोर्ट वायनीमी (कॅलिफोर्निया) येथे दलाचे संग्रहालय व दफ्तरखाना असून महायुद्धातील एक प्रमुख ठाणे असलेल्या डेव्हिसव्हिल (ऱ्होड आयलंड) येथेही संग्रहालय व स्मारकोद्यान आहे.

वास्तूंना मृत सैनिकांची नावे देणे हा स्मरणाचा दुसरा प्रकार होय. अंटार्क्टिकावर तळ बांधताना जानेवारी १९५६ मध्ये बर्फ फुटून ट्रॅक्टरसह बुडालेल्या रिचर्ड विल्यम्स या चालकाचे नाव मॅकमर्डो तळाच्या विमानतळाला दिलेले आहे. व्हिएटनाममधील डोंग सोआई येथे १० जून १९६५ रोजी लढताना मारला गेलेला मार्विन शील्ड्स हा ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च शौर्यपदक मिळविणारा एकमेव सीबी होय. त्याचे नाव ओकिनावातील सीबी छावणीस व एका युद्धनौकेस देण्यात आले. विमान अपहरणकर्त्यांनी जून १९८५ मध्ये बेरूत येथे ठार केलेला रॉबर्ट स्टेथम या पाणबुड्या सीबीचे नावही १९९५ मध्ये एका विनाशिकेस मिळाले.

उपेक्षित इतिहास : पलटणीचा इतिहास तिच्या सैनिकांनीच जपायचा, या पद्धतीत काही बाजू झाकल्या जाण्याचा धोका असतो. महायुद्धात कृष्णवर्णीयांच्या पलटणी वेगळ्या ठेवण्यात आल्या होत्या व त्यांचे अधिकारी श्वेतवर्णीय असत. सॉलोमन बेटांवर सेवा करून परतलेल्या ३४ व्या पलटणीतील सुमारे एक हजार सैनिकांनी बढत्यांतील भेदभावाविरुद्ध मार्च १९४५ मध्ये पोर्ट वायनीमी येथे दोन दिवस उपोषण केले. काम मात्र त्यांनी बंद ठेवले नाही. परिणामी त्यांच्या प्रमुखास बदलण्यात आले. दलाच्या गौरवपर वृत्तान्तांत ही घटना दीर्घकाळ क्वचितच आढळते. १९४४ च्या ‘द फायटिंग सीबीज’ या चित्रपटाने सीबींची जी प्रतिमा लोकप्रिय केली, तीतही या सैनिकांना स्थान नव्हते. अलीकडे संग्रहालये व इतिहासकार त्यांच्या सेवेची नोंद आवर्जून घेतात.

वृत्तव्यवहाराचे व्यावहारिक महत्त्व : माजी सैनिकांतील देवघेव केवळ स्मरणरंजनासाठी नसते, हे २४ व्या राखीव पलटणीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. दक्षिणेकडील राज्यांतून जमविलेली ही पलटण १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील अल् जुबैल येथे होती. १९ जानेवारी १९९१ च्या पहाटे तेथे मोठे आवाज झाले व धोक्याचे भोंगे वाजले. परतल्यानंतर अनेकांना थकवा, सांधेदुखी व स्मृतिदौर्बल्य जाणवू लागले. प्रत्येकजण वेगळा असता, तर तो त्याचा खाजगी आजार ठरला असता. परंतु राखीव सैनिक शेजारच्या गावांतील व एकमेकांच्या ओळखीचे असल्याने तक्रारींतील साम्य लक्षात आले आणि ते सिनेटच्या समितीपुढे मांडले गेले. शासकीय चौकशीने रासायनिक हल्ल्याची शक्यता कमी मानली. तथापि निदान न झालेल्या आजारांसाठीही भरपाईची तरतूद १९९४ मध्ये कायद्याने झाली. याच पलटणीतील २४९ जणांच्या तपासणीवर आधारलेले संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हिएटनाममध्ये वनस्पतिनाशकांच्या संपर्कात आलेल्यांसाठीचा १९९१ चा व घातक धूर आणि इतर द्रव्यांसंबंधीचा २०२२ चा, या दोन्ही कायद्यांची माहिती पलटणीच्या वृत्तपत्रकांतून दिली गेली. एकाच जागी एकाच वेळी काम केल्याचा सोबत्याचा लेखी दाखला हा अशा दाव्यांत पुरावा ठरू शकतो. त्यामुळे जुन्या यादीतील पत्ता चालू असणे ही दावा करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ठरते.

राखीव पलटणींच्या बाबतीत दुःखही असेच एका परिसरात एकवटते. इराकमध्ये ३० एप्रिल ते २ मे २००४ या तीन दिवसांत १४ व्या राखीव पलटणीचे सातजण मारले गेले. त्यांच्या घरी वार्ता पोहोचविणे व पुढे कुटुंबांशी संबंध राखणे, ही कामे गावाकडील सोबत्यांनाही करावी लागली.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत महायुद्धकालीन पलटणींची संमेलने क्रमाक्रमाने बंद पडली. व्हिएटनामकालीन सैनिकही आता वृद्ध झाले आहेत. मित्रसंघ आवरताना शिल्लक निधी, निशाण व कागदपत्रे यांची व्यवस्था लावतात. कागदपत्रे बहुधा संग्रहालयाकडे जातात. नौदलाने अनेक स्मृतिग्रंथ संगणकीय स्वरूपात सर्वांना खुले केले असून नौदलाच्या हजेरीपत्रकांशी ते ताडून वंशजांना आपल्या पूर्वजाची पलटण शोधता येते. २००० पासून प्रत्येक पात्र माजी सैनिकाच्या अंत्यविधीस किमान दोन गणवेशधारी सैनिकांनी ध्वजाची घडी करून कुटुंबास देणे व बिगुलावर अंतिम सलामीची धून वाजविणे कायद्याने बंधनकारक आहे. टिनियनवरील धावपट्ट्यांवरचे जंगल काढून त्या पुन्हा वापरात आणण्याचे काम अमेरिकी वायुदलाने २०२४ मध्ये हाती घेतले. मात्र संग्रहांतील असंख्य छायाचित्रांखाली अद्याप नावे नाहीत. चेहरे ओळखू शकणारे सोबती हयात असेपर्यंतच ती मिळविणे शक्य असल्याने, शेवटच्या पत्रकांतूनही अशी छायाचित्रे छापून वाचकांस नावे कळविण्याची विनंती केलेली असते.