भारातून बळ

बैलगाडीचा आस लोखंडाचा असतो. तरीही वंगण नसेल तर तो कुरकुरू लागतो आणि हळूहळू झिजतो. मनुष्याचा गुडघा मात्र दिवसातून हजारो वेळा वाकतो, शरीराचा भार वाहतो आणि तरीही बहुधा साठ-सत्तर वर्षे आपले काम करीत राहतो. हे कसे घडते?

तुमच्या कानाचा वरचा भाग बोटांनी दुमडून पाहा. सोडताच तो पूर्ववत होतो. तेथे हाड नाही. तेथे आहे कूर्चा. तिचाच एक शुभ्र व गुळगुळीत प्रकार सांध्यातील हाडांच्या टोकांवर पसरलेला असतो. गुडघ्यात या थराची जाडी अवघी काही मिलिमीटर असते.

कूर्चेचा सुमारे पाऊण हिस्सा पाण्याचा असतो. कोलॅजेन नावाच्या बळकट तंतूंच्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे पदार्थ गुंतलेले असतात. भिजलेला स्पंज दाबला की पाणी भराभर बाहेर पडते. परंतु कूर्चेतील छिद्रे अतिशय सूक्ष्म असल्यामुळे पाण्याला सहजासहजी वाट मिळत नाही. आपण उडी मारतो तेव्हा हे कोंडलेले पाणीच बहुतेक भार पेलते. पाणी आणि तंतूंचे जाळे मिळून भार कसा वाहतात, हे अमेरिकेतील व्हॅन मो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली गणिताने मांडून दाखविले.

अशा या गुणी पदार्थात एक मोठे उणे आहे. त्यात रक्तवाहिन्या नसतात. बोट कापले, तर रक्तावाटे दुरुस्तीची सामग्री तेथे पोचते. कूर्चेला ती मिळत नाही. म्हणून एकदा नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच हे नोंदवून ठेवले होते. कूर्चा झिजली की पायऱ्या चढणेही वृद्धांना कष्टाचे होते. अतिशय झिजलेल्या सांध्याच्या जागी आज कृत्रिम सांधा बसविता येतो. पण सजीव कूर्चाच पुन्हा वाढविता आली तर?

स्वीडनमधील योटेबोरी येथील डॉक्टरांनी रुग्णाच्याच गुडघ्यातून थोड्या निरोगी पेशी घेतल्या, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढविली आणि त्या इजा झालेल्या जागी परत सोडल्या. तेवीस रुग्णांवरील हा प्रयोग त्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला.

पेशी वाढल्या, तरी त्यांपासून बळकट कूर्चा कशी घडवावी, हा प्रश्न उरलाच. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी गुरांच्या पेशींपासून वाढविलेल्या कूर्चेचे काही तुकडे मीर या रशियन अंतराळस्थानकावर पाठविले व काही पृथ्वीवरच वाढू दिले. चार महिन्यांनी तुलना केली, तेव्हा अंतराळातील तुकडे लहान, गोलसर आणि दुबळे आढळले. हा वृत्तांत १९९७ साली प्रसिद्ध झाला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात समुद्रशैवालापासून काढलेल्या अगारोजच्या चकत्यांत पेशी वाढविण्यात आल्या. चालताना गुडघ्यावर पडतो तसा तालबद्ध दाब काही चकत्यांवर देण्यात आला. अठ्ठावीस दिवसांनंतर त्या, दाब न दिलेल्या चकत्यांपेक्षा सुमारे सहापट ताठ झाल्या होत्या! हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले.

गुडघ्याची संपूर्ण कूर्चा नव्याने घडविणे आजही साधलेले नाही. तथापि या प्रयोगांनी एक गोष्ट स्पष्ट केली. सांध्यातील द्रवातूनच कूर्चेला पोषण मिळते आणि हालचालीने तो द्रव तिच्यात खेळता राहतो. इजा करणारा अतिभार तिला सोसत नाही, हे खरे. पण बेताचा भार हे तिच्यावरील ओझे नसून तिचे बळ होय. मुलांनो, तुमचे चालणे आणि धावणे म्हणजे कूर्चेची रोजची शिदोरीच आहे.